मेणवलीचा वाडा, कृष्णेचा घाट आणि वारीची वाट



दिंडीच्या शंभराव्या वर्षाचा अंक काढायचा ठरला, तेव्हा विणेकरी, चोपदार, टाळकरी, जुने वारकरी यांच्या आठवणी घ्यायच्या हे कुणाला सांगावे लागले नाही. त्या आठवणी पुढच्या पानांवर आहेतच. पण त्याच बैठकीत दुसरा एक विषय निघाला आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे झाले. शंभर वर्षे आपण दुसऱ्यांच्या ओसरीवर, शाळांच्या वर्गात, देवळाच्या मंडपात आणि राहुट्यांत मुक्काम केला. आता दिंडीची स्वतःची वास्तू असावी, दगडी, टिकाऊ, मोठा दरवाजा असलेली, असे तरुण मंडळींचे म्हणणे पडले. म्हातारी मंडळी गप्प बसली. शेवटी त्यांतल्या एकांनी एवढेच विचारले, "वास्तू बांधाल बाबांनो. पण शंभर वर्षांनी तिच्यातले लोकांच्या उपयोगी काय पडेल, ते आधी बघून या."

बघायला लांब जायचे कारण नव्हते. आपल्याच खोऱ्यात, वाईपासून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवलीचा वाडा उभा आहे. अडीचशे वर्षे झाली त्याला. आम्ही चौघे-पाच जण तिथे गेलो, हिंडलो, बसलो, वाचले, थोरामोठ्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो. ही गोष्ट वाड्याची आहे, पण वाट वारीचीच आहे. शेवटपर्यंत सोबत चला.

खोरे आणि नदी

आधी जागा नीट डोळ्यांपुढे आणू. कृष्णामाई क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावते आणि डोंगर उतरून पूर्वेला येते. वरच्या अंगाला जोर, बलकवडी, मग धोम, मग मेणवली, मग वाई. कमळगड, केंजळगड, पांडवगड, वैराटगड हे किल्ले या खोऱ्यावर राखणीला बसल्यासारखे. मधे नदीची काळी जमीन, आणि डोंगराच्या पायथ्याला नाचणी-भाताची खाचरे.

नदी असली की देव असतो आणि देव असला की घाट असतो. धोमला नृसिंहाचे देऊळ आणि कासवाच्या पाठीवर बसलेला तो नंदी आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांची रांगच आहे. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेला ढोल्या गणपती तर नदीच्या पात्रालाच लागून बसला आहे. पुराचे पाणी फुटावे म्हणून देवळाची मागची बाजू माशाच्या आकारासारखी निमुळती ठेवली. बांधणाऱ्याला नदीचा स्वभाव ठाऊक होता, म्हणून देऊळ टिकले.

मेणवलीची गोष्ट याच पिढीतली आहे.

नानांना गाव मिळाले

बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे आपले नाना फडणवीस. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, साताऱ्याचा. फडणिशी म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची दप्तरदारी. आजोबांपासून घरात चालत आलेली. पोरवयात मूर्ती मांडून पूजा करत बसण्याचा नाद होता, असे नानांनी आपल्या लहानशा आत्मचरित्रात स्वतःच सांगितले आहे.

१७६१ साली हा मुलगा पानिपतावर होता. वय एकोणिसाच्या आत. बरोबर आई होती, बायको होती. तीर्थयात्रा घडेल या आशेने त्या काळी बायकामाणसेही फौजेबरोबर निघत. पानिपतावर जे झाले ते झाले. नाना अंगावरच्या कपड्यानिशी, पायी, लपत-छपत जीव वाचवून आले. आई परतली नाही.

आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत. नाना म्हटले की आपल्याला राजकारण, कारस्थाने, बारभाई एवढेच आठवते. पण यात्रेला म्हणून आईला घेऊन निघालेला आणि एकटा परत आलेला एक पोरगाही त्या नावात आहे. वाटेत माणूस हरवणे काय असते, ते वारकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पुढे सात वर्षांनी, डिसेंबर १७६८ मध्ये, औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना दिले. नानांनी तिथे वसाहत केली, नदीकाठी वाडा बांधला, घाट बांधला, आणि घाटावर दोन देवळे उभी केली. एक मेणेश्वर महादेवाचे, दुसरे विष्णूचे. हरि आणि हर एकाच पायऱ्यांवर शेजारी. आपल्या पंढरीच्या पांडुरंगाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, असे आपण मानतो. तेव्हा वारकऱ्याला मेणवलीच्या घाटावर परके वाटण्याचे कारण नाही.

वाडा कसा आहे

वाडा सहा चौकांचा. बाहेरून बघाल तर भक्कम तटासारखी भिंत. खाली दगड, वर वीटकाम. आत शिरले की एका चौकातून दुसऱ्या चौकात, ओसरीवरून सोप्यात, सोप्यातून माजघरात. सागवानी खांब, तुळया, तक्तपोशी. भिंतींवर मराठा धाटणीची रंगीत चित्रे, देवादिकांची. कितीएक पुसट झाली आहेत, कितीएक अजून डोळ्यांत भरतात.

चौकाची ही रचना आपल्या मंडळींनी नीट समजून घ्यावी. त्यात शोभेपेक्षा सोय अधिक आहे. चौक उघडा असतो, म्हणून उजेड आणि वारा घराच्या पोटात येतो. पावसाचे पाणी चौकात उतरते आणि मोरीवाटे बाहेर जाते. उन्हाळ्यात जाड भिंती आत गारवा धरतात. पहिल्या चौकात आल्यागेल्याची आणि कारभाराची ऊठबस, आतल्या चौकांत घरच्या माणसांचा वावर, पुढे स्वयंपाक, कोठार. एकेक उंबरा ओलांडला की परका माणूस मागे राहतो आणि घरचा पुढे जातो. सहा चौक म्हणजे अशा कितीतरी उंबऱ्यांची गाळणी.

वाड्याच्या मागल्या अंगाने नदीकडे उतरले की चित्र पालटते. इथे गाळणी नाही. चंद्रकोरीसारखा वळण घेतलेला दगडी घाट आहे, आणि पायऱ्या थेट पाण्यात गेल्या आहेत. वरती झाडांची सावली. धुणे धुणाऱ्या बाया, पोहणारी पोरे, बैल घेऊन आलेला गडी, दशक्रियेला आलेली चार माणसे, सगळी एकाच घाटावर. सिनेमावाल्यांनाही ही जागा फार आवडते. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटाचे गाव म्हणून हीच मेणवली पडद्यावर दिसली.

आम्ही गेलो त्या दिवशी वाडा शांत होता. घाटावर मात्र जाग होती. बैठकीतल्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न तिथेच मनात घर करून बसला.

घंटा

घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. पंचधातूची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, आणि मेणवलीचीही त्यांतलीच.

घंटेचा आवाज ऐकून आम्ही गप्प झालो. ज्या भाविकांसाठी ती ओतली गेली त्यांनी कधी कल्पनाही केली नसेल की ती कृष्णेच्या काठी महादेवासमोर वाजेल. लढाईत जिंकून आणलेली वस्तू आहे, हे लपवायचे कारण नाही. त्याबरोबर हेही खरे, की आणणाऱ्यांनी ती वितळवली नाही, तिच्यावरची माय-लेकराची आकृती खरवडून काढली नाही. आजही ती तशीच आहे. आपण विठोबालाही माउली म्हणतो आणि ज्ञानदेवांनाही माउली म्हणतो. कडेवर लेकरू घेतलेल्या आईची मूर्ती आपल्या घाटावर असली म्हणून आपले काय उणे झाले?

वाड्याला वाडा कोणी केले

वाडा नानांनी बांधला असे आपण म्हणतो. आपल्या बोलण्यात नाव घरधन्याचेच येते. पण दगड फोडला वडारांनी, घडवला पाथरवटांनी, सागवान रंधले सुतारांनी, चुना मळला तो रोजावरच्या बायाबापड्यांनी. आणि पैसा आला तो गावोगावच्या शेतसाऱ्यातून. इनाम म्हणजे काय, तर सरकारात जायचा गावचा वसूल इनामदाराकडे जायचा. कुणब्याने नांगर धरला, पाऊस पडो न पडो वसूल भरला, त्यातून राज्य चालले आणि राज्याच्या कारभाऱ्यांचे वाडे उठले. हे कुणावर राग धरून सांगत नाही. सगळ्या मुलखात हीच रीत होती. पण शंभर वर्षांचा इतिहास लिहायला बसलेल्या दिंडीने ते न लिहिणे बरे नव्हे. आपले बहुतेक वारकरी त्या कुणब्यांचे, वडारांचे, सुतारांचेच वंशज आहेत.

आणखी एक गोष्ट. घाट सगळ्यांना खुला, असे आम्ही वर लिहिले ते आजचे. त्या काळी पाणवठे जातीजातींचे वेगळे होते. पेशवाईत तर सोवळ्या-ओवळ्याचा बडिवार फार. चोखोबांना मानणाऱ्या संप्रदायाच्या मुलखातही महारा-मांगांना भरल्या नदीच्या काठी आपली जागा सोडून पाय ठेवायची मुभा नव्हती. पुढे १७९६ च्या धामधुमीत नानांना पुणे सोडून वाईला यावे लागले आणि तिथूनही घाट उतरून महाड गाठावे लागले. त्याच महाडात १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपली दिंडी पंढरीला जाऊ लागली तो हाच सुमार. तेव्हा तर पंढरपूरचे देऊळही सगळ्यांना उघडे नव्हते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, त्यानंतर ते उघडले. म्हणजे आपल्या दिंडीची पहिली वीसेक वर्षे अशी गेली, की बरोबर चालून आलेला एखादा माळकरी महाद्वारापर्यंत आपल्यासोबत असायचा आणि तिथून पुढे जाऊ शकायचा नाही. त्याने नामदेव पायरीशी, चोखोबांच्या समाधीशी डोके टेकवायचे आणि मागे फिरायचे.

पायरी दगडाचीच, पण तिच्यावर पाय कुणी ठेवायचा हे माणसे ठरवत होती. वास्तू बांधताना हे ध्यानात ठेवायला हवे.

धनी गेल्यावर

आता वाड्याच्या मालकाचे पुढे काय झाले ते बघू. नाना बहुतेक काळ पुण्यातच होते. १७७४ पासून बारभाईंचा कारभार, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, सगळीकडे नानांची बुद्धी चालली. त्याच १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि सगळा डाव विस्कटला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना दग्याने पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले. सुटका १७९८ मध्ये झाली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नानांनी देह ठेवला. सहा चौकांचा वाडा कृष्णेकाठी सज्ज होता, पण त्यात स्वस्थ बसून म्हातारपण काढावे एवढे काही त्यांच्या वाट्याला आले नाही.

मागे राहिल्या जिऊबाई. वय अगदी कोवळे. दुसऱ्या बाजीरावाने मालमत्ता जप्त केली. त्यांना लोहगडावर आसरा घ्यावा लागला. नानांच्या भरवशाचे धोंडोपंत निजसुरे तिथे किल्लेदार होते, त्यांनी त्यांना सांभाळले. पुढे १८०४ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्ली याने मध्ये पडून जिऊबाईंची वाट मोकळी केली आणि त्यांना वर्षाला १२,००० रुपयांची नेमणूक ठरली. त्या आधी पनवेलला राहिल्या, आणि नंतर मेणवली त्यांना परत मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या या वाड्यात होत्या. राज्य गेले, पेशवे ब्रह्मावर्ताला गेले, सातारचे राज्यही १८४८ मध्ये खालसा झाले. हे सगळे या बाईंनी नदीकाठच्या वाड्यात बसून पाहिले.

आम्हाला विचाराल तर मेणवलीच्या वाड्याची खरी धनीण ती. ज्याने बांधला त्याने तो उपभोगला नाही, आणि जिने त्यात आयुष्य काढले तिचे नाव आपल्याला आजवर ठाऊक नव्हते. बैठकीत हे सांगितले तेव्हा माजघरातून आमच्या एक वयस्कर माळकरी आजी म्हणाल्या, "मठ बांधा नाहीतर महाल बांधा, झाडलोट करणारीचं नाव कुणी लिवत न्हाई." म्हणून या अंकात दिंडीच्या चुलीपुढे राबलेल्या सगळ्या बायांची नावे वेगळ्या यादीत घ्यायचे आम्ही ठरवले. दिंडी त्यांच्या भाकरीवरच चालली.

वाड्यात आणखी एक ठेवा होता, तो म्हणजे दप्तर. नानांनी जपलेली पत्रे, हिशेब, कागद. मोडीतल्या त्या कागदांना इतिहासवाले मेणवली दफ्तर म्हणतात. इतिहाससंशोधक रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती ते आले आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग उजेडात आला. वाड्याच्या भिंतींपेक्षा त्या कागदांनी नानांना जास्त जिवंत ठेवले. आपल्या दिंडीच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत वाळवीच्या तोंडी पडल्या आहेत. त्यांचा विचार वास्तूच्या आधी झाला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला, १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामेही गेली. कसणारा जमिनीचा मालक झाला. वाडा घराण्याकडे राहिला, वसूल संपला. सहा चौकांची शाकारणी, सागवानाची निगा, भिंतींचा गिलावा हे सगळे वसुलाविना करणे सोपे नाही. आजही तो उभा आहे हे वारसांच्या मायेचे काम, हेही मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे.

नदी बदलली

वाड्याभोवतीची भूमीही आता ती राहिलेली नाही. मेणवलीच्या वरच्या अंगाला धोमचे धरण झाले, साडेतेरा टीएमसी पाण्याचे. वरच्या गावांतल्या घरादारांवर पाणी आले, माणसे उठली, दुसऱ्या मुलखात जाऊन वसली. त्यांच्या देवांना नवी देवळे मिळाली, पण जुन्या घाटाचा दगड बुडाला तो बुडालाच. त्या पाण्यावर खालच्या अंगाला ऊस, हळद पिकू लागली. ज्याचे गेले आणि ज्याला मिळाले, दोघेही आपल्या दिंडीत टाळ वाजवतात.

त्याच्याही वर बलकवडीचे धरण झाले आणि बोगद्यातून, कालव्यातून कृष्णेचे पाणी डोंगरापलीकडे खंडाळा-फलटणच्या दुष्काळी भागात गेले. हे वाचून आम्हाला फार गंमत वाटली. आपली कृष्णा काही पंढरपूरला जात नाही. पंढरीची चंद्रभागा म्हणजे भीमा, ती भीमाशंकरला उगवते आणि थेट रायचूरच्या बाजूला जाऊन कृष्णेला मिळते. आपण मात्र दरवर्षी कृष्णाकाठ सोडतो, नीरा ओलांडतो आणि भीमेकाठी पोचतो. आता माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी चालते, त्या मुलखाच्या शिवारात आपल्या कृष्णेचे पाणी आधीच जाऊन पोचलेले असते. नदी आता आपल्या पुढे चालते म्हणा ना.

कृष्णेकाठचा दुसरा वाडा

इथवर मेणवली झाली. पण कृष्णेच्या काठी, खाली खूप दूर, आणखी एक वाडा आहे आणि तो सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातले अंकली. तिथे श्रीमंत शितोळे सरकारांचा वाडा आहे. माउलींच्या सोहळ्यातले अश्व येतात ते या वाड्यातून.

त्याची हकिकत अशी. सातारा तालुक्यातल्या आरफळचे हैबतराव पवार हे वतनदार घराण्यातले. ते ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदारीवर होते. परत येताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडले. तिथे त्यांनी हरिपाठ धरला, आणि सुटका झाली ती माउलींची कृपा मानून घरी न जाता ते आळंदीलाच राहिले, अशी कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ पासून पालखी सोहळा सुरू केलेला होताच. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे बांधून दिला. रथापुढे कोण, रथामागे कोण, कुणाची दिंडी कुठे, चोपदारांनी हात वर केला की शांत व्हायचे, ही फौजेसारखी शिस्त त्यांचीच. त्या कामी शितोळे सरकारांनी घोडे दिले, माउलींसाठी तंबू दिला, नैवेद्याची सेवा दिली. शितोळेही शिंद्यांचेच नातलग सरदार. म्हणजे बघा, ज्या शिंदेशाहीने नानांना कैद केले, तिच्याच पदरचा एक सरदार टाळ घेऊन उभा राहिला आणि दुसऱ्याने वाड्यातले घोडे माउलींना वाहिले.

दरवर्षी ज्येष्ठात हे अश्व अंकलीहून निघतात. सुमारे तीनशे किलोमीटर चालत, मिरज-सांगली करत, कृष्णाकाठच्या मुलखातून आपल्या भुईंजला येतात आणि पुढे आळंदीला पोचतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा. मोकळा दिसतो, पण त्यावर माउली बसलेल्या असतात. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो.

अंकलीच्या वाड्याला चौक किती, खांब किती, हे आपल्यातल्या कुणाला विचारले तर सांगता येणार नाही. पण त्या वाड्यातून दरवर्षी काय बाहेर पडते, ते लाखो माणसांना ठाऊक आहे.

आणि हैबतबाबा? वतन होते, सरदारी होती, मनात आणते तर कृष्णेच्या मुलखात एखादा सहा चौकांचा वाडा त्यांनाही उठवता आला असता. त्यांनी माउलींच्या महाद्वारातली पहिली पायरी मागून घेतली. आळंदीला आपण आत जाताना त्या पायरीला हात लावतो, तोच त्यांचा वाडा. त्याला दरवाजा नाही, उंबऱ्यांची गाळणी नाही, आणि त्याच्यावरून गेल्याशिवाय कुणी आत जात नाही.

मग आपण काय बांधावे

मेणवलीहून परत येताना आम्ही एसटीत याच गोष्टीवर बोलत होतो. वास्तू बांधू नये, असे आमचे म्हणणे नाही. पावसात भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोरडी जागा लागते, बायांना आडोसा लागतो, न्हाणीघर-संडास लागतो. नुसते वैराग्य सांगून ते भागत नाही. नानांनी घाट बांधला नसता तर आज मेणवलीच्या माणसांना नदीत उतरायला बांधलेली वाट नसती. बांधणे हेही पुण्यच.

पण अडीचशे वर्षांनी त्या वाड्यातले काय लोकांच्या रोजच्या पायाखाली राहिले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. आतले चौक बघायला पाहुणे येतात, बघतात आणि जातात. घाटावर गाव रोज येते. म्हणून आमची विनंती एवढीच, की नकाशा काढताना आधी बाहेरची बाजू काढा. दरवाजाबाहेर मोठा ओटा असू द्या, कुणाही वाटसरूला न विचारता टेकता येईल असा. पाण्याचा नळ भिंतीच्या आत नको, बाहेर असू द्या. बायांची सोय आधी बांधा, कार्यालय नंतर. जुन्या वह्या ठेवायला एक कोरडी खोली काढा. दगडावर देणगीदारांची नावे घालायची तर गवंड्याचे आणि वडाराचेही नाव घाला. आणि उंबरा एकच असू द्या, तोही कमी उंचीचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओलांडता आला पाहिजे.

बैठकीतल्या त्या बाबांना आम्ही हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "ओट्याला सावली पायजे. आधी वड लावा. वास्तू होईस्तवर तो मोठा होईल."

वड लावला आहे. या पावसाळ्यात त्याला दुसरे वर्ष लागेल. वारीहून परतलात की ज्याला जमेल त्याने एक घागर पाणी घालावे, ही सर्व माउलींना विनंती.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!